हंड्यातलं तीनशे बारावं नाणं

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला. इथे सगळे बरे. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते. दोन्हींची सवय झाली आहे.

संग्रहालयात सध्या रीघ आहे. पाया खणताना सापडलेल्या त्या हंड्यातली चांदीची नाणी हंड्यासकट नव्या कपाटात मांडली. तीनशे बारा. वर्तमानपत्रवाले 'सुमारे तीनशे' लिहितात, मोजायचाही कंटाळा! लोक काचेला नाक लावून म्हणतात, "दीड हजार वर्षं मातीत, तरी काय चकाकी!" पूर्वी हे ऐकून माझी छाती फुगायची.

काल त्या तज्ज्ञ बाई पुन्हा आल्या. एक नाणं हंड्याच्या तळाला चिकटून राहिलं होतं, हिरव्या गंजासकट. त्यांनी ते भिंगातून दाखवलं. गंजात कापडाची वीण उमटलेली. मी मोजली: सेंटिमीटरला उभे धागे चौदा, आडवे अकरा, कडेला शिवणीचे तीन टाके. कुणीतरी फाटकं कापड शिवून, त्यात बांधून ते पुरलं होतं. बाकीच्या तीनशे अकरांवरही आधी हेच असणार.

बाई म्हणाल्या, "ज्या दीडशहाण्याने बाकीची घासली, त्याने गंज नाही, माणूस पुसला."

साहेब म्हणाले, "त्या पहारेकऱ्याला तेव्हाच काढला आम्ही."

मी मान डोलावली. धाकट्या, मान डोलावली रे मी.

बाई येईपर्यंत हात लावू नये, असा लेखी आदेश होता. पण पुस्तकं वाचून स्वतः शिकलेल्या माणसाला पदवीवाल्यांनी थांबायला सांगावं, हे मला झोंबलं. तुझ्याकडून खोलीची किल्ली घेतली. लिंबाचा रस, मऊ ब्रश, दोन दुपारी. वहीत किल्लीपुढे नाव तुझं. चौकशीच्या दिवशी मीच म्हणालो, "तू गप्प बस, मी बघतो." तू गप्प बसलास. तुझी नोकरी गेली, तेव्हाही मी नुसता बघत होतो.

आज कबुली लिहिली, तारखेसह, सहीनिशी. सकाळपासून तीनदा साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझ्याच्याने आत जाववत नाही, उद्याही जाववेलसं वाटत नाही. म्हणून मूळ कागद सोबत पाठवतोय. नक्कल ठेवलेली नाही. साहेब साडेदहाला येतात. तू नेऊन दे.

आईला हे वाचून दाखवू नकोस.

नाही, दाखवच.

तुझा
दादा