टोटची चाकं

बाबा, तुम्ही रोज नेमकं काय काम करता हे मला सातवीपर्यंत ठाऊक नव्हतं. आपण मुंबईला राहायचो आणि तुम्ही घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात कामाला होतात, एवढंच माहीत होतं. एका सकाळी, शर्यती सुरू व्हायच्या आधी, तुम्ही मला प्रेक्षकांच्या स्टँडमागच्या यंत्रघरात घेऊन गेलात. भिंतभर चाकं, दांडे, तारा आणि सगळीकडे तेलाचा वास. 'हे टोट,' तुम्ही म्हणालात, घरातल्या मोठ्या माणसाची ओळख करून द्यावी तसं. बाहेर खिडकीवर कोणी पैज लावली आणि कारकुनानं दांडा ओढला की तिकीट छापून निघायचं, आणि त्याच क्षणी आत त्या घोड्याचं चाक एक दात पुढं सरकायचं. सगळ्या घोड्यांची बेरीज मधल्या मोठ्या चाकावर व्हायची आणि मैदानातल्या फलकावरचे आकडे बदलायचे. त्या सकाळी तुमचे सोबती रिकाम्या खिडक्यांवर चाचणी घेत होते. सगळ्यांनी एकदम दांडे ओढले आणि अख्खी भिंत टकटकायला लागली. तुम्ही माझ्या कानाशी वाकून ओरडलात, 'शंभर जन एका टायमाले बोलले तरी हे कोनाचंच बोलनं सोडत नाही!'

घरी परतताना तुम्ही मला त्या यंत्राची सगळी वंशावळ सांगितली. आधी पैजा बुकीच घ्यायचे, पाटीवर खडूनं भाव लिहायचे आणि मनाला येईल तेव्हा पुसायचे. मग पॅरिसमधल्या कोणा व्यापाऱ्याला सुचलं की सगळ्यांच्या पैजा एका ठिकाणी जमवाव्या आणि जिंकणाऱ्यांत वाटून द्याव्या, म्हणजे भाव कोणी एकानं ठरवायचा नाही, लोकांच्याच पैजांनी ठरायचा. पण एवढ्या बेरजा हातानं करायच्या कोणी? कारकून थकायचे, चुकायचे, लबाडीही करायचे. म्हणून यंत्र आलं. पहिलं मोठं यंत्र तर सायकलच्या साखळ्या, पियानोच्या तारा आणि ओतीव लोखंडाची वजनं लावून चालवलं होतं म्हणे. मी विचारलं, 'आणि आपलं?' तुम्ही म्हणालात, 'आपलं त्याचं नातवंड.' तुम्ही त्या यंत्राला आपलं म्हणू दिलंत, त्याचा मला कितीतरी दिवस आनंद होता.

मग संगणक आले. टोट तोडायचं ठरलं तेव्हा ते खोलायचं कामही तुम्हालाच दिलं. ते संपवून तुम्ही आम्हाला घेऊन आपल्या गावी, दारव्ह्याला, परत आलात आणि बोलायचंच बंद केलंत. सकाळी ओट्यावर बसायचात ते जेवायलाच उठायचात. आईला लोकांची लाज वाटायची. 'कोनी विचारलं तं कारखान्यात होते म्हनजो,' ती मला बजावायची. पण गावात कळायचं ते कळलंच. बाजारात माणसं तुम्हाला हाक मारायची, 'काय सट्टेवाले, आज कोनता घोडा लावू?' तुम्ही भाजीची पिशवी घेऊन सरळ घरी यायचात.

मी आठवीत होते. शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं आणि मी तुमच्यासमोर येऊन बसले. 'बाबा, मले टोट बनवून द्या.' तुम्ही मान हलवली. 'कायले? गेलं ते.' मी म्हटलं, 'मंग मीच बनवतो. चुकलं तं तुमचंच नाव जाईन.' दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलच्या दुकानातून मागच्या चाकांची मोडकी फ्रीव्हीलं आणि साखळ्या घेऊन आलात. स्वयंपाकघरात चुलीजवळ, आईची भांडी बाजूला सारून, आपण कामाला बसलो. तीन दांडे, तीन चाकं, आणि तिन्ही दांडे ज्याला ढकलतील असं बेरजेचं एक चाक. दात सरकला की फ्रीव्हील टक्क बोलायचं. आई कुरकुरत भाकरी थापायची, पण आपण बेरीज जुळते का हे पाहायला लागलो की तिचा हात थांबायचा.

प्रदर्शनात आपण मांडलेलं यंत्र हेडमास्तरांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला. 'हे पैजेचं यंत्र आहे ना? जुगार शाळेत चालणार नाही.' मी रडायच्या बेतात होते. तुम्ही मात्र कितीतरी महिन्यांनी बाहेरच्या माणसाशी तोंड उघडलंत. 'सर, ज्यानं हे काढलं न, त्यानं मतं मोजाले काढलं होतं. तिकडे ऑस्ट्रेलियात. सरकार म्हने नाही पाहिजे. मंग बिचारं घोड्याच्या मैदानात गेलं. त्याचा काय दोष?' हेडमास्तरांनी एक दांडा ओढून पाहिला. मग म्हणाले, 'शनिवारी शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आहे. हे मतं मोजून दाखवेल?' तुम्ही म्हणालात, 'दाखवन.'

शनिवारी आईनं आपण होऊन तिचं जुनं लुगडं दिलं, आडोसा करायला. तीन उमेदवारांचे तीन दांडे. मुलं एकेक करून आत जायची, टक्क आवाज यायचा, बाहेर यायची. शेवटी चाकं वाचली तर बेरीज आत गेलेल्या मुलांपेक्षा एक कमी! पोरं ओरडायला लागली. हेडमास्तरांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही घामाघूम झाला होतात, पण म्हणालात, 'मशीन खोटं नाही बोलत, सर. विचारा पोरायले.' हेडमास्तरांनी विचारलं. मग तांड्यावरून येणारी पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. 'म्या नाही वढला,' ती म्हणाली. 'काहून?' तुम्ही विचारलंत. 'मले तिघातला कोनीच आवडत नाही.' आधी हेडमास्तर हसले, मग सगळी शाळा हसली, आणि तुम्हीही हसलात, बाबा. मुंबई सोडल्यापासून मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. त्या महिन्यातच कोणीतरी विहिरीवरची जळालेली मोटर तुमच्याकडे घेऊन आलं, मग दुसरं आलं, आणि तुमचं मोटर वायंडिंगचं दुकान उभं राहिलं. त्या दुकानावर मी शिकले.

आता मी यवतमाळला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा वर्ग घेते. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझ्या वर्गात मुलगी नसायची. यंदा अर्धा वर्ग मुलींचा आहे. तुमचं यंत्र मी दरवर्षी टेबलावर ठेवते आणि त्याचा दोषही सांगते: दोघांनी एकदम दांडे ओढले तर बेरजेचं चाक एकच दात सरकतं, एक मत बुडतं. तुम्हाला ते शेवटपर्यंत खुपायचं. मोठ्या यंत्राला जमायचं ते आपल्याला जमलं नाही, असं म्हणायचात. यंदा पांढरकवड्याकडची एक मुलगी, जिचे वडील हायवेवर ट्रक चालवतात, यंत्राकडे पाहत म्हणाली, 'मॅडम, याले डिफरन्शियल लावून पाहू का? ट्रकची दोन्ही चाकं वेगळी फिरतात न, तरी मधात हिशोब जुळते.' तिनं भंगारातल्या ऑटोरिक्षाचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दातेरी चाकांचा गोळा, आणलं. मुली पंधरवडाभर त्याला भिडल्या होत्या. काल दोघींनी दोन दांडे एकाच क्षणी ओढले आणि बेरजेचं चाक दोन दात पुढं सरकलं. पुन्हा ओढले, पुन्हा दोन. मी जुनी पुस्तकं काढून पाहिलं तर मुंबईच्या त्या भिंतीतही बेरीज अशाच, डिफरन्शियलसारख्या जोडलेल्या दातांच्या चाकांनी व्हायची. हे त्या मुलीला कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती लाजली आणि म्हणाली, 'मंग आता तिसरा दांडा जोडू.' उद्यापासून त्या तेच करणार आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते कपाटातच राहील. एक गोष्ट मात्र कबूल करते. आपली बोलणी सोडली तर सबंध पत्र मी मुद्दाम शाळेतल्या मराठीत लिहिलं. आपल्या बोलीत लिहायला बसले असते तर प्रत्येक ओळ तुमच्या आवाजात ऐकू आली असती, आणि मग बाबा, मले पुढं लिहनं झालं नसतं.