लाटणंवाली बाई

अण्णा, तुमची लाटणंवाली बाई मी काल प्रदर्शनातून उतरवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्ही रागावणार नाही हे माहीत असूनही हे पत्र लिहायला बसलेय.

गंगापूर रोडला एका सभागृहात जुन्या दिवाळी अंकांतल्या हास्यचित्रांचं प्रदर्शन भरलंय. तुमची मूळ चित्रं मीच दिली, आणि मांडणीही माझ्याच गळ्यात पडली. सगळ्यांची चित्रं शेजारी शेजारी लावल्यावर कळलं, तुम्ही मंडळी वर्षानुवर्षं तेच तेच काढत होतात. एक नारळाचं झाड आणि दोन दाढीवाले, असं बेट. टकला साहेब आणि नखं रंगवणारी टायपिस्ट. पलंगाखाली लपलेला नवरा आणि दारात लाटणं उगारून उभी बायको. श्रावणात संपादकांचं कार्ड यायचं, बेटं दोन, साहेब एक, बाकी लाटणी, वाण्याकडे यादी द्यावी तसं. तुम्ही ओझरच्या कारखान्यातून यायचात, हातपाय धुवायचात आणि उजेड बरा म्हणून कागद घेऊन स्वयंपाकघरातच बसायचात.

आई पोळ्या लाटतेय. तुम्ही म्हणता, "अगं, हात जरा वर कर. हां, तसाच ठेव." ती लाटणं उगारून उभी राहते, तव्यावरची पोळी करपते आणि मी पाटावर बसून खिदळते. आमची हडकुळी आई कागदावर मात्र चांगली ढोली होऊन उतरायची. दिवाळीत फराळाला आलेले शेजारी विचारायचे, "काय वहिनी, आज भाऊ पलंगाखाली का?" आई हसून चिवड्याची ताटली पुढे करायची. तुमच्यावर तिने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. याचं तुम्हाला काही वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

मांडणीच्या आधी तुमचं ते लाटण्याचं चित्र आईने घरी पाहिलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "पोळी करपायची माझी. मग ती मीच खायची," एवढंच म्हणाली. मला वाटलं, तिला लागलं. संयोजकांना मी हेच कारण सांगितलं आणि उद्घाटनाआधी चित्र काढून गाडीच्या डिकीत ठेवलं. बेटं राहू दिली. बेटावर कुणाची आई नसते.

संध्याकाळी आई आली. येणार नाही म्हणत होती, पण शेजारणीला घेऊन रिक्षाने आली, कार्याला नेसायची जांभळी साडी नेसून. काठी टेकत एकेक भिंत पाहत गेली. शेवटच्या भिंतीपाशी माझ्याकडे वळली. निफाडची बोली तिच्या तोंडातून अजून गेलेली नाही.

"माझं कुठं हाय?"

"जागा पुरली नाही, आई."

तिच्या डोक्याच्या जरा वर रिकामा खिळा होता. तो तिने पाहिला की नाही, मला माहीत नाही. शेजारणीला मात्र ती हळूच म्हणाली, "यांच्या चित्रांत मीच राहायची. लय उभी राहिले मी त्याच्यासाठी."

अण्णा, आईचं नुसतं निमित्त होतं. उद्घाटनाला माझ्या कॉलेजातल्या बाया येणार होत्या. तिथे मी बायकांच्या हक्कांवर तावातावाने बोलते, आणि हिच्या वडिलांनी हे काढलं, असं कुणी म्हणू नये म्हणून मी ते उतरवलं. मला तुमची लाज वाटली. आणि तुम्हाला लपवताना आईने इतकी वर्षं उगारलेला हातही मी डिकीत बंद केला, हे काल तिच्यासमोर उभी राहीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, ते टेबलाच्या खणात राहील. प्रदर्शन उद्या संपतंय. सकाळी लवकर जाऊन चित्र परत लावायचं आणि आईला पुन्हा घेऊन जायचं, असं ठरवलंय. आज सकाळीही हेच ठरवलं होतं.