कंपनीची गाडी, गॅरेजची गाडी आणि आमची पांदण

११ सप्टेंबर २०२४, बुधवार

मी, रखमाजी निवृत्ती जिगे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा शेती, राहणार शेतवस्ती, मौजे पाथरखेडा, तालुका अंबड, जिल्हा जालना; तंटामुक्ती समितीचा दोन वेळा अध्यक्ष; आजवर अकरा पंचनाम्यांवर पंच म्हणून सही केलेला इसम; येथे लिहून ठेवतो की, माझ्या नावावर असलेल्या पिकअप गाडीत माझ्या संमतीवाचून फेरफार करण्यात आला आहे. उद्या कोणी विचारले तर लेखी असावे.

काल दुपारी चिरंजीव सोमेश्वर गाडी घेऊन जालन्याहून आला. गाडी मला ओळखू आली नाही! वीतभर उंच झालेली. टायर ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखे. पुढे लोखंडी गार्ड, त्यावर दोराचे रीळ, त्यास विंच म्हणतात. कपाळावर चार दिवे, जणू वरातीस निघाली आहे.

मी विचारले, "हे कोणाच्या परवानगीने?"

"दादा, पांदणीतून बाहेर निघायचंय का न्हाई? मंग!"

निघावयाचे आहे, हे मला त्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मोसंबी उतरविण्यास आली आहे. आणि सव्वीस तारखेस सोनूबाईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन जालन्यास ठरले आहे. दोन महिने थांबून ती तारीख मिळाली. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याने फक्त उजेड-अंधार कळतो. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत वाट एकच, ती पांदणीची. हे सर्व मान्य. म्हणून काय वाटेल ते करावयाचे?

१२ सप्टेंबर, गुरुवार

खरेदीच्या वेळीच मी स्पष्ट सांगितले होते. शोरूममध्ये त्याच गाडीचा दुसरा प्रकार उभा होता: चारही चाकांना जोर, उंची कंपनीनेच वाढविलेली, टायर कंपनीचे, वॉरंटी कंपनीची. त्यास ते ऑफ-रोड पॅकेज म्हणतात. मी म्हणालो, हीच घ्यावी. सोमेश्वर म्हणाला, "दादा, ते पॅकेज म्हंजी अर्धा स्टिकरचा खर्चा. साधी घेऊ. बाकी बाहेरून बसवता येतं."

बाहेरून बसवता येते! उद्या म्हणेल, बापही बाहेरून बसवता येतो.

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका मी दोन वेळा वाचली आहे. घरात दुसऱ्या कोणी एकदाही वाचलेली नाही. पान एकोणसाठवर स्वच्छ छापले आहे की, वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करू नये. कमानीस दोन पाटे वाढविले की गाडी उंच होते. उंच झाली की वळणावर कलते. टायर मोठे झाले की वेगाचा काटा खोटे बोलतो. चाळीसचा वेग दाखवील आणि पळेल पंचेचाळीसने! हे चौथी पास माणसास समजते. बी. कॉम. झालेल्यास समजत नाही.

१३ सप्टेंबर

सोमेश्वराशी बोलणे बंद. जेवण दोन्ही वेळा घेतले.

१४ सप्टेंबर, शनिवार

एस. टी.ने जालन्यास गेलो. माझ्याच फेरफार केलेल्या गाडीत मी बसणार नव्हतो. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूस ते गॅरेज शोधून काढले. मालक राधेश्याम. अंगावर तेल, तोंडात बडीशेप.

"आओ बाबूजी, बसा. चहा सांगू?"

मी उभाच राहिलो. विचारले, "आपण माझ्या गाडीस जे केले, त्यास मान्यतेचा दाखला आहे काय?"

"दाखला? बाबूजी, गाडी चिखलातून निघाली तर तोच दाखला. न्हाई निघाली तर वापस आणा."

"कंपनीचे इंजिनिअर मूर्ख आहेत काय?"

"मूर्ख कशाला! बहुत हुशार लोक. पण ते एसीत बसून डिझाइन करतात. तुमची काळी माती त्यांच्या बुटाला कधी लागली का? टायरला एकदा चिकटली की सासूसारखी, सुटतच न्हाई." आणि स्वतःच हसला. शेजारचे दोघेही हसले.

मी म्हणालो, "ज्याने वस्तू घडविली, त्याने ती विचारपूर्वक घडविली असते. नंतर येणाऱ्याने त्यात आपली अक्कल घालू नये."

त्यावर तो म्हणाला, "बिलकुल बराबर. पण बाबूजी, रस्ता पण कोणीतरी घडविला असंल ना? तो बराबर असता तर तुमचा पोरगा माझ्याकडं कशाला आल्ता?"

उर्मट माणूस. चहा घेतला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुक्तिसंग्राम दिन. ग्रामपंचायतीसमोर ध्वजवंदन. ज्येष्ठ म्हणून मला पुढची खुर्ची होती.

राधाकिसन आला होता. त्याचे शेत आमच्या पलीकडे, पांदणीच्या अगदी टोकास. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, शाळेत माझ्या मागे बसत असे. त्याचा मुलगा गोरक्षनाथ याने तेच कंपनीचे पॅकेज असलेली पिकअप घेतली आहे. दारावर पर्वताचे चित्र आहे. आपल्या तालुक्यात पर्वत कोठे, हा प्रश्न मी विचारला नाही. उलट सर्वांदेखत म्हणालो, "गोरक्षनाथ शहाणा निघाला. कंपनीची शिक्क्याची वस्तू घेतली. आमच्या चिरंजीवांनी गॅरेजमधून सोंग आणले आहे."

सोमेश्वर मान खाली घालून जिलेबी वाटीत राहिला.

राधाकिसन म्हणाला, "शहाणा कशाचा, रखमाजी. पांदण नीट असती तर साध्या गाडीत भागलं नसतं का? जमीन गहाण टाकायची बाकी ठेवली त्यानं."

मी म्हणालो, "अलीकडे पाऊस फार झाला आहे."

त्याने माझ्याकडे बघत जिलेबी मोडली. नंतर खाल्ली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

अर्जाचा मसुदा केला. "प्रति, परिवहन अधिकारी साहेब, जालना. विषय: अर्जदाराच्या स्वतःच्या वाहनात झालेल्या बेकायदेशीर फेरफाराबाबत." गाडी माझ्या नावावर आहे. माझ्या नावावरील कोणत्याही कागदास आजवर डाग नाही. तो मुलाच्या हौसेने लागू देणार नाही. गाडी जप्त झाली तर झाली.

सोनूबाई दाराशी बसून शेंगा सोलत होती, हाताच्या अंदाजाने. मी मसुदा मोठ्याने वाचला. ऐकून म्हणाली, "सोताच्याच गाडीवर अर्ज! अन् मला सव्वीसला कशात नेणार? पाठीवर?"

"गोरक्षनाथाच्या गाडीत. ती कायदेशीर आहे."

"सोम्यानं हे समदं कोणासाठी केलं? लायटिंगची हौस म्हून? तुमी दोघं गाडीवरनं भांडून राह्यलात. वाट कुठून जाती ते बघतं का कोणी?"

मी तिला सांगितले की विषय वाहनाचा आहे. विषयांतर नको.

ती शेंगा सोलत राहिली.

२२ सप्टेंबर, रविवार

सोमेश्वर कापूस पाहून आला. बांधालगतच्या चार ओळी याही वर्षी गुडघ्याच्या वर गेल्या नाहीत. दैवशालेस, म्हणजे आपल्या बायकोस, सांगत होता, "बियाणंच बोगस. कंपनीत जाऊन भांडतो." दरवर्षी बियाणे वेगळे, कंपनी वेगळी, आणि त्या चार ओळी तशाच. मी काही बोललो नाही.

आमचे बोलणे बंद आहे, म्हणून.

२५ सप्टेंबर

सकाळपासून पाऊस. ओघळ भरून पांदणीत आला. अर्ज खिशात आहे, टपालात टाकता आला नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

जे घडले ते घडले तसे लिहितो.

सकाळी सात वाजता निघालो. सोनूबाई पुढे बसली. मी मागे हौद्यात उभा राहिलो, कारण विरोध कायम होता. दवाखान्यात दहाच्या आत पोहोचावयाचे होते. पांदणीत शंभर पावले गेलो. त्या मोठ्या टायरांच्या खोल खाचांत माती अशी भरली की टायर गुळगुळीत झाले. नक्षी कोठे आणि चाक कोठे कळेना. गाडी जागेवर बसली.

मी हौद्यातून म्हणालो, "पान एकोणसाठ!" सोमेश्वराने वर पाहिलेसुद्धा नाही. विंचचा दोर सोडून चिखलातून पुढे गेला. आणि दोराचे टोक हातात धरून तसाच उभा राहिला. दोर बांधावयास झाड पाहिजे. पांदणीच्या दोन्ही अंगांस एकही झाड नाही.

फोन करून गोरक्षनाथास बोलाविले. तो मागून आला. राधाकिसन त्याच्या शेजारी. मी मनात म्हणालो, आता पाहावे सर्वांनी, कंपनी म्हणजे काय! गोरक्षनाथाने बटण दाबले. चारही चाके कंपनीच्या वचनाप्रमाणे फिरली. आणि चारही रुतली. पर्वताच्या चित्रापर्यंत चिखल चढला.

अशा रीतीने दोन्ही गाड्या एकामागे एक, देवळासमोर बसलेल्या म्हशींप्रमाणे. साडेसात वाजले होते. तरुण दोघे एकमेकांस दोष देऊ लागले. "तुमचं पॅकेज काय फक्त फोटोला का?" "अन् तुझं? रस्सी हातात घेऊन उभाय, म्हशीला शोधतो काय!"

तेव्हा सोनूबाई खाली उतरली. कोणाचा हात धरला नाही. चपला काढून हातात घेतल्या. बांधास चाचपून वर चढली आणि सरळ आमच्या कापसात शिरली. त्या खुरट्या ओळींत. मी ओरडलो, "अगं, दिसत नाही तुला! रुतशील!"

"न्हाई रुतत," ती म्हणाली. "हितं खाली मुरूम हाय."

आणि चालू लागली. डोळ्यांस दिसत नसताना, पायाने चाचपत, सरळ रेषेत, कोठेही न अडखळता. आमच्या गुडघ्यांपर्यंत चिखल. तिच्या घोट्यालाही नाही. सोमेश्वर पिशवी घेऊन तिच्या मागे धावला. दोघे सव्वाशे पावले चालून सडकेस लागले. तिकडून एस. टी. आली, ती मिळाली.

राधाकिसन बांधावर टेकला. एका जागेकडे बोट दाखवून म्हणाला, "हितं पाच बाभळी होत्या की रं, रखमाजी. एकीला सुदिक दोर बांधला असता तर..."

मी चिखलातून पाय उपटून घराकडे वळलो.

२७ सप्टेंबर

ऑपरेशन उत्तम झाले. सोनूबाई अंबडला मुलीकडे आहे. पांदण वाळेपर्यंत तेथेच राहणार. दोन्ही गाड्या ट्रॅक्टरने मागे ओढून काढल्या.

राधाकिसनाचे बोलणे अयोग्य होते. सर्व तरुणांदेखत! तक्रार असेल तर लेखी द्यावी. मी दोन वेळा तंटामुक्तीचा अध्यक्ष होतो. त्याने एकदाही अर्ज दिला नाही. कोणीच दिला नाही. गावाने पहिल्या वर्षी बक्षीस मिळविले ते काय उगाच?

अध्यक्षावर अर्ज कोण देतो.

हे शेवटचे वाक्य खोडावयाचे होते. शाई वाळली.

२८ सप्टेंबर

सोमेश्वर आपण होऊन बोलला. पंधरा दिवसांनी. "दादा, त्या चार वळींखाली मुरूम कसा काय?"

मी म्हणालो, "जमीन आहे. कोठे काय निघेल सांगता येत नाही."

"सरळ रेघंत निघतो मुरूम? सडकेपर्यंत?"

मी पुस्तिका उघडली आणि वाचू लागलो. तो उभा राहिला. नंतर गेला.

२९ सप्टेंबर

पान एकोणसाठ पुन्हा वाचले.

३० सप्टेंबर, सोमवार

परिवहन कार्यालयाचा अर्ज चुलीत घातला. दैवशालेने विचारले, "आबा, कागद चुकला का?" म्हणालो, "पत्ता चुकला."

मोजफीत, विळा आणि दोर काढून ठेवला. गावनकाशाची नक्कल ट्रंकेत होती. त्यात पांदण म्हणजे दुहेरी तुटक रेघ. अडतीस वर्षे मी ती घडी उलगडली नव्हती.

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

तहसीलदार साहेब, अंबड यांस आज दिलेल्या अर्जाची नक्कल:

मी, रखमाजी निवृत्ती जिगे, लिहून देतो की, नकाशावरील, मुरूम टाकलेली बारा फुटी पांदण सन १९८६ पासून, दर नांगरटीस नांगराचे एक तास याप्रमाणे, बांध कोरून मी स्वतः माझ्या शेतात घेतली व वाट ओघळात लोटली. ती पाण्याने सरकली असे मी राधाकिसन यांस त्या वेळी सांगितले. ते खोटे होते. पाच बाभळी मी तोडल्या. आज कापसाच्या चार ओळी माझ्या हाताने कापून, फीत लावून, मूळ जागी वाट मोकळी केली. तक्रारदार कोणी नाही. आरोपी मी.

नक्कल संपली. मुरूम अजून शाबूत आहे. आज दोन्ही गाड्या त्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये गेल्या. विंचचा दोर सुटला नाही, चार चाकांचे बटण दाबावे लागले नाही. सोनूबाई सोमेश्वराच्या गाडीत बसून घरी आली. काळ्या चष्म्यातून दोन्ही अंगांस नीट पाहिले आणि म्हणाली, "बाभळी पण लावा."

वाट मोकळी झाल्याच्या पंचनाम्यास हजर पंच: १) सोनूबाई रखमाजी जिगे, जिने दिसत नसताना वाट दाखविली, २) राधाकिसन, शेजारी, ज्याने अडतीस वर्षे अर्ज दिला नाही, ३) सोमेश्वर रखमाजी जिगे. त्याने सही करण्यापूर्वी माझा हात धरून मला बांधावरून खाली उतरविले.