पहिल्या गाण्याची तपासणी

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मन मोकळं करायला नव्हे, ते मोकळंच आहे. कामासाठी.

हिचा अल्बम पुरा करायचा आहे. जन्मभर पडदे शिवता शिवता गायली आणि पन्नाशीत पहिला अल्बम काढायला घेतला. आठ गाणी रेकॉर्ड झाली, आणि डिसेंबरात गेली. गाण्यांचा क्रम तेवढा राहिला.

रेकॉर्डिस्ट आज पेन ड्राइव्ह देऊन गेला. ही त्याला कानसेन म्हणायची, मीही तेच म्हणतो. म्हणाला, काका, बाकीचा क्रम मी लावतो, पहिलं गाणं कोणतं ते तुम्ही सांगा. महिनाअखेर पुढे पाठवायचंय. म्हटलं, चार दिवसांत सांगतो. आठ गाणी म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम.

पेन ड्राइव्ह शोकेसमध्ये ठेवला आहे.

५ फेब्रुवारी
विचारांती ठरवलं, की घाई नको. आधी अभ्यास.

हिच्या कपाटात सगळ्या गायकांचे फक्त पहिलेच अल्बम आहेत. म्हणायची, पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात माणूस स्वतः दार उघडायला येतो. पुढे नाव झालं की नोकराला पाठवतो. मी हो म्हणायचो. ऐकायचो नाही.

आता ऐकणार. सगळ्यांची पहिली गाणी, रोज संध्याकाळी तीन. नोकरी लिफ्ट तपासण्याची असल्यामुळे निकष तयारच आहेत. लिफ्ट सुटताना झटका बसता कामा नये. झटका बसला की माणूस पुढचे मजले कठडा धरून काढतो.

७ फेब्रुवारी
१. पेटीवाला. नुसता भाता ओढल्याचा आवाज येतो, मग सूर. झटका नाही. पास.
२. चार पोरांचा बँड. पहिल्याच ठोक्याला खुर्चीतून उडालो. नापास.
३. एक बाई. गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी काडी ओढतं. का, कळलं नाही. दोनदा ऐकलं. पास.

अभ्यास उत्तम चालला आहे.

११ फेब्रुवारी
दोन दिवस अभ्यास नाही. कामाचा ताण. खरं तर तसा ताण नाही, पण असणार आहे.

संध्याकाळी घरी येताना आमच्याच लिफ्टचं दार धरून उभा राहिलो. ही नेहमी मागून यायची, पिशव्या घेऊन. लिफ्ट ओरडायला लागली. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ वरून म्हणाले, अहो, कुणी येतंय का अजून? म्हटलं, दाराचा सेन्सर तपासतोय.

दार विनाकारण धरून ठेवू नये, ही सूचना मीच लावलेली आहे.

१५ फेब्रुवारी
मेव्हणी आली. डबा आणला. मी हेडफोन लावून एका सनईवाल्याला गुण देत होतो. म्हणाली, भावोजी, ताईचं ऐकलं का? म्हटलं, पद्धतशीर चाललंय, आधी इतरांचं. म्हणाली, वा! लग्न आपल्या घरी, आणि तुम्ही लोकांच्या पत्रिका वाचत बसलाय.

मग शोकेसकडे गेली आणि पेन ड्राइव्ह उचलला. मी तो घेऊन परत जागेवर ठेवला. जरा जोरात घेतला गेला असावा. ती डबा रिकामा करून द्या म्हणाली. भाजीत मीठ कमी होतं. किंवा नसेल.

१९ फेब्रुवारी
सनईवाला पास. कपाटाचा वरचा कप्पा संपला. आता एकूण चित्र स्पष्ट होत आहे. उद्या हिची गाणी.

२० फेब्रुवारी
हेडफोनमध्ये डाव्या बाजूला खरखर. अशा यंत्रावर ऐकून निर्णय देणं नियमबाह्य. नवीन आणतो.

२३ फेब्रुवारी
नवीन आणले. खरखर आहेच. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हणाले, कान ठणठणीत आहेत, जेवता का वेळेवर? कानाच्या डॉक्टरला जेवणाशी काय करायचंय!

२६ फेब्रुवारी
कानसेनचा फोन. काका, परवा शेवटचा दिवस. नसेल जमत तर मीच ठरवू का? म्हटलं, छे, निर्णय जवळजवळ झालेला आहे.

२७ फेब्रुवारी, सकाळ
रजा टाकली. पेन ड्राइव्ह लावला. सगळ्यात वरची फाइल उघडली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ही म्हणते, येतंय का ऐकू? एक, दोन. चपला काढून ठेवू का, कुरकुरतायत. मग खोकते. मग म्हणते, अरे, ह्यांना कुणीतरी फोन करून विचारा, गॅस बंद केलाय का. कुणीतरी हसतं. ही पण हसते. मग बराच वेळ काही नाही.

सुटताना जराही झटका नाही. कपाटातल्या एकाचीही सुरुवात अशी नाही. गाणं असं त्यात कमी आहे, पण हल्ली अशीच पद्धत असावी. उत्तम शेरा दिला.

दुपार
कानसेनला फोन केला. पहिलं गाणं पसंत, सगळ्यात वरचं. तो म्हणाला, काका, ते माइक टेस्टिंग आहे. काढायचं राहून गेलं. गाणी त्याच्या खाली आहेत. खालची ऐकलीत ना?

म्हटलं, माहीत आहे मला. तेच ठेवायचं.

तो म्हणाला, ठेवतो.

एकूण काम वेळेत झालं. खालची सावकाश ऐकीन.

१८ मार्च
अल्बम आला. वर हिचा फोटो, शिलाई मशीनवर हात ठेवून. मेव्हणी स्वतःच येऊन लावायला बसली. पेन ड्राइव्हचं मनात धरलेलं नाही, असं दिसतं. म्हणाली, भावोजी, आज हेडफोन नाही, गुण नाहीत, गुपचूप बसा इथे.

बसलो. खुर्ची सरकली. एक, दोन. चपला. मेव्हणी हसायला लागली आणि मग तिने पदर तोंडाला लावला. गॅसचा प्रश्न आला.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बंद होता.

तेवढ्यात बाहेर पहिलं खरं गाणं सुरू झालं. मेव्हणीने हाक मारली, भावोजी, या ना, ताई गातेय.

म्हटलं, आलोच. गॅस पुन्हा एकदा पाहिला. बंदच आहे.