व्याह्यांनी सांगितलेला माझा विनोद

अगं,

बागेत जाऊन बसतोय. रागावलेलो नाही. सुट्टीत घर भरलं की ताण घेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून रक्तदाबाला जरा फिरवून आणतो. पाहुण्यांच्या गाद्या माळ्यावरून काढून ठेवल्यात. गीझर बंद केलाय.

काल जेवताना व्याह्यांनी विसराळू न्हाव्याचा विनोद सांगितला आणि तू ठसका लागेपर्यंत हसलीस. तो विनोद माझा आहे. लग्नानंतर तिसऱ्याच आठवड्यात मी तो तुला सांगितला होता. तेव्हा तू भाजी निवडताना मानही वर न करता म्हणालीस, "बरं, मग पुढे?" पुढे काही नव्हतं गं! त्यानंतर चाळीस वर्षं वर्तमानपत्रातून लोकांना हसवलं, पण तुझं ते 'पुढे' काही सापडलं नाही.

व्याही भला माणूस आहे, मान्य. जेवल्यावर भांडीसुद्धा घासतात. हे मात्र जरा अतीच होतंय.

जेवायच्या वेळेला येईन. बेल वाजली की दार तूच उघड. त्यांनी उघडून मला "या, बसा" म्हटलं, तर मी आल्या पावली परत जाईन.

तुझा 'अहो'