खाचेतली सुपारी

बाबा, तुमची फळी आता माझ्याकडे आहे, वाघोलीला, पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या जागेवर. गाडी बाहेर उन्हात तापते आणि फळी सावलीत पहुडलेली असते, हे ऐकून तुम्हाला नक्की बरं वाटलं असतं. खडकवासल्याला ज्या गोठ्यात तुम्ही ती ठेवायचात, त्याची जमीन विकली गेली. तिथल्या काकूंचा फोन आला, "ताई, तुमच्या वडलांची फळी हाय अजून हितं. बिल्डरची मानसं पाडायला येत्यात, घिऊन जावा लवकर." मी टेम्पो करून गेले. परत आल्यावर आमच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, ये दरवाजा है क्या?" मी म्हटलं, हो, दरवाजाच. शीड लावून पाण्यावर उभं राहायची फळी आहे म्हणून सांगितलं असतं तर बिचारा अजूनच चक्रावला असता. मी तरी आयुष्यात तशी दुसऱ्या कुणाकडे पाहिली होती का?

तुम्ही खरं तर वॉशिंग मशीन आणायला गेला होतात. बाहेरच्या कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या, तुमच्या हडपसरच्या कारखान्यात एक गोरा इंजिनिअर आला होता आणि मुदत संपल्यावर घरातलं सामान विकून परत निघाला होता. आईने तुम्हाला दोनदा बजावून पाठवलं. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या आपल्या जिन्यावरून तुम्ही आणि टेम्पोवाला ही एवढी लांबलचक फळी वर चढवताय आणि आई दारात ओल्या हातांनी उभी आहे. "हे कपडे धुतं का?" तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, "नाही, पण वाऱ्यावर चालतं." "वाऱ्यावर चालणारं एक आहे की घरात आधीच," आई म्हणाली आणि आत निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती हातानेच कपडे धूत होती आणि प्रत्येक पिळ्याला तुमच्या फळीचा उद्धार करत होती. सोसायटीचे सेक्रेटरी जिना अडतो म्हणून तक्रार घेऊन आले, तेव्हा मात्र तिने त्यांना चहासुद्धा न विचारता परत पाठवलं. आपल्या माणसाला आपण बोलायचं, शेजाऱ्यांनी नाही, असा तिचा कायदा होता.

मग ती फळी गोठ्यात गेली आणि आपले रविवार खडकवासल्याच्या धरणावर जायला लागले. तुम्हाला कारण एकदाच विचारलं होतं मी. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये तुमच्या टेबलावर नुकताच कंप्युटर आला होता, निम्मे लोक स्वेच्छानिवृत्तीच्या गोष्टी करत होते, आणि मी इकडे कंप्युटरच शिकत होते, म्हणून तो विषय आपण दोघंही टाळायचो. तुम्ही म्हणालात, "खुर्चीत बसून बसून आयुष्य गेलं गं. एकदा उभं राहून बघायचंय. पाण्यावर." मला हसू आलं नाही. तुम्हाला खरंच तेवढंच हवं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पण उभं राहणंच जमेना. सगळा घोळ त्या खाचेचा होता. फळीच्या पाठीवर मधोमध एक हातभर खाच, तिच्यात एक ठोकळा मागेपुढे सरकतो आणि त्या ठोकळ्यावर शिडाची काठी उभी राहते. पायाने पेडल दाबलं की ठोकळा सुटतो, पेडल सोडलं की आतली पिन भोकात बसून तो जागच्या जागी घट्ट होतो. फळी जुनी, पिन झिजलेली. तुम्ही कारखान्यातल्या लेथवर नवीन पिन करवून घेतलीत आणि ती रुमालात गुंडाळून घरी आणलीत. मला ती पहिल्यापासून जरा आखूड वाटत होती. शिडात वारा भरला की ठोकळा सुर्रकन मागे यायचा, काठी मागे, शीड मागे आणि तुम्ही त्याच्याखाली! मी म्हणायचे, बाबा, पिन बघा ना एकदा. तुम्ही नाकातलं पाणी शिंकरत म्हणायचात, "पिन मी करून घेतलीय. पिनला काही झालेलं नाही. माझा तोल जातोय."

आणि मग ग्रीस. तुमच्या मते जगात बिघाड दोनच, ग्रीस कमी पडलं किंवा माणूस आळशी. तुम्ही खाचेत बोटबोट ग्रीस भरायचात, त्याला काठावरची वाळू चिकटायची, मग ती काढायला रॉकेल, आणि रॉकेलने खाचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी पट्ट्या फुगून सुरकुतल्या. आई काठावर सतरंजी टाकून लसूण सोलत बसलेली असायची. मान वर करून बघायची, तुम्ही पडलात की पुन्हा लसूण. एका रविवारी तुमची नडगी सुजून टम्म झाली, तेव्हा तिने निकाल दिला. "दसऱ्यापर्यंत काय ते करा. नाही जमलं तर भंगारवाला. तेच सोनं वाटीन मी." ती थट्टेत बोलत नव्हती, हे तिच्या आवाजावरून आपल्या दोघांनाही समजलं.

खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं, गाड्या, यंत्रं पुजली जातात, म्हणून आई पूजेचं तबक घेऊन गोठ्यात आली. मला वाटलं, निरोपाची पूजा. तिने आपल्याला, "हातपाय धुऊन या दोघंही, मळके हात नकोत," म्हणून पाण्यावर पिटाळलं. आलो तर फळीला झेंडूची माळ, खाचेवर हळदकुंकू, अक्षता. तुम्ही नमस्कार केलात, तरंगायचं लाल जाकीट चढवलंत आणि पाण्यात गेलात. वारा मंदच होता. तुम्ही शीड उचललंत, मी डोळे मिटून घेतले, आणि पडल्याचा आवाजच येईना. डोळे उघडले तर तुम्ही उभे! काठीसारखे ताठ, पोट पुढे, निघालात पाण्यावरून. मी ओरडत होते, नाचत होते. थोड्या वेळाने लक्षात आलं की तुम्हाला वळता येत नाही, कारण तिथवर तुम्ही कधी पोचलाच नव्हतात. आई सतरंजीवर उभी राहून ओरडली, "अहो! अहो, वळा!" काठावर सहलीला आलेले यच्चयावत नवरे मागे वळून बघायला लागले, एक तुम्ही सोडून.

पलीकडच्या काठावरून तुम्ही दुधाच्या गाडीतून परत आलात, ओलेचिंब, जाकीट अंगातच. गाडीतून उतरायच्या आधी म्हणालात, "पिन बसली!" आई म्हणाली, "दिसलं. चहा घ्या आता." पुढे तुम्ही वळायलाही शिकलात. आल्यागेल्याला तुम्ही पिनची कथा सांगायचात, पेडलवर पाय दाबून दाखवायचात, "बघा, दाबूनसुद्धा सुटत नाही!" मी तोवर इंजिनिअर झाले होते, नोकरीला लागले होते, तरी मीही मान डोलवायचे. दाबल्यावर सुटायला हवं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण तुमचा चेहराच तसा असायचा. चालतंय त्याला हात लावायचा नाही, असा तुमचा नवा नियम झाला. खाच पुन्हा कधी उघडलीच नाही. आई मात्र दर खंडेनवमीला न चुकता तबक घेऊन गोठ्यात यायची आणि आपल्याला हातपाय धुवायला पाठवायची. तुम्ही मला म्हणायचात, "बघ, आता तिलासुद्धा फळीची किंमत कळली."

परवा मी खाच उघडली. आता सगळं इंटरनेटवर शिकता येतं, बाबा. ग्रीस अजिबात नाही. गोड्या पाण्याने धुवायचं, जुन्या टूथब्रशने वाळू काढायची, रबराच्या पट्ट्या बदलायच्या आणि सरकायला हवं तिथे कोरडी मेणबत्ती घासायची. स्क्रू सोडले, पट्ट्या उचलल्या, तर ठोकळ्याच्या पुढे एक आणि मागे एक असं काहीतरी काळं, दगडासारखं ठोकून बसवलेलं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. सुपारी होती. मला आधी वाटलं, पूजेतली घरंगळून आत गेली असेल. पण पूजेची सुपारी अख्खी असते. ह्या अडकित्त्याने कातरलेल्या होत्या, खाचेच्या मापाच्या. आणि तुमची पिन भोकाच्या वरच अधांतरी, टोकाला नव्यासारखी चकचकीत. ती भोकात एकदाही गेली नव्हती.

मी तळहातावर ते तुकडे घेऊन वर गेले. आई मेथी निवडत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "त्यांच्या शेवटच्या वर्षीच्या आहेत त्या. दर नवमीला बदलायचे मी." मी खालीच बसले. ती म्हणाली, "मी काठावर बसून काय फक्त लसूण सोलत होते? ठोकळा सरकतो, हे मला दिसत होतं. लाकूड कुजलं असतं. सुपारी पाण्यात जराशी फुगते आणि मग हलत नाही. अख्खी पट्ट्यांच्या फटीतून जाईना, म्हणून कातरली." मी म्हटलं, "कातरलेली सुपारी पूजेला चालते?" "पूजेची वेगळी होती," आई म्हणाली. मग मी विचारलं, भंगारवाल्याला द्यायला निघाली होतीस ना, मग हे कशाला? ती मेथीची जुडी झटकत राहिली. "रोज रात्री नडगी शेकून देत होते मी त्यांची. तोंडाने काही म्हणायचे नाहीत. एक दिवस तरी उभं राहू दे माणसाला, असं वाटलं." "मग त्यांना सांगितलंस का नाहीस?" "काय सांगायचं? उभे राहिले ना?"

मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते आनंदाचं होतं. तुम्हाला वाटायचं फळीची देखभाल तुम्ही करताय. इतकी वर्षं ती हळदकुंकवाखाली आई करत होती.

मी नवीन पिन करवून घेतली आहे, पुरेशा लांबीची. पेडल सोडलं की टक्क करून बसते. तुमची पिन तेल पुसून देव्हाऱ्यात ठेवली आहे, आईनेच जागा करून दिली. येत्या रविवारी मी खडकवासल्याला जातेय, तुम्ही तेव्हा होतात साधारण त्याच वयाची झालेय आणि मीही दिवसभर बसूनच असते. आईही येणार आहे, सतरंजी तिने आजच काढून ठेवली. माळ्यावरून अडकित्ता काढून दे म्हणाली. मी म्हटलं, अगं, पिन नवीन आहे. तर म्हणाली, "असू दे जवळ."

मी उठताना मात्र तिने माझा हात धरला आणि अगदी हळू, तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला असावात तशी, म्हणाली, "त्यांना सांगू नकोस हं." मी म्हटलं, नाही सांगत. आणि लगेच इथे येऊन हे सगळं लिहून बसले. दिलेला शब्द तासभरही टिकला नाही माझा. तेव्हा हे पत्र तुमच्या फोटोपाशी ठेवणार नाही, मोठ्याने वाचणारही नाही. तुम्ही काही ऐकलेलं नाही. पिन बसली होती, बाबा.