आईनं बांधलेली गाडी

१९ जानेवारी, दुपार

चि. ठमाबाईस,

तुला आणि बाळाला बाबाचे खूप खूप आशीर्वाद. बाळाचा फोटो पोचला. नाक थेट तुझ्या आईचं आहे, तेव्हा ते आयुष्यभर कुठे ना कुठे खुपसलं जाणार, याची तयारी ठेव. तुझी तब्येत आता सुधारली, हे ऐकून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. मी मजेत.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझी आई शेजारी असते आणि हे पत्र तिच्याविषयी आहे. तिच्यासमोर तिचं कौतुक करायची मला सवय नाही, आणि तिला ऐकून घ्यायची नाही. शिवाय काही गोष्टी लिहूनच सांगता येतात.

तर बातमी अशी, की तुझ्या आईनं गाडी बांधली. तिच्या सायकलच्या दुकानातून सायकल बाहेर पडते हे तू जन्मापासून बघत आलीस, पण ही चार चाकांची गाडी आहे. दोन माणसं बसतात. दारं नाहीत, छप्पर नाही, पण चालते, आणि अशी चालते की बघणाऱ्यानं बघत राहावं.

इंजिन माझ्या मोटरसायकलचं. ती चालवायची सोडली, हे तुला मागे सांगितलं होतं. आता वय झालं, असं काहीतरी कारण दिलं होतं मी. नुसती धूळ खात उभी होती. विकून टाक म्हणून मी तुझ्या आईच्या मागे लागलो होतो. ती हो म्हणायची आणि गिऱ्हाईक आलं की त्याला पिटाळून लावायची. एक दिवस दुकानामागच्या शेडमधून ठोकाठोकी ऐकू आली. खिडकीतून बघतो तर मोटरसायकलचा सांगाडा एकीकडे आणि इंजिन टेबलावर. मी ओरडलो, तर म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, नको आहे म्हणून."

मग चौकोनी नळ्या आल्या. भंगारातून स्टिअरिंग आलं, कुठल्याशा मोडक्या व्हॅनच्या दोन सीटा आल्या. आजोबांनी तिला वेल्डिंग शिकवलं ते सायकलच्या दांड्यांपुरतं, पण तिनं त्यावर अख्खा सांगाडा उभा केला. एखादा जोड मनासारखा झाला नाही की कापून टाकायची आणि पुन्हा करायची. इंजिनाची चेन मागच्या आसापर्यंत पोचवताना ती इतकी रमली होती, की जेवायला हाक मारून मारून मी हात टेकले. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचो आणि तिला टोमणे मारायचो. या वयात शर्यतीत उतरायचंय का, असं विचारायचो. ती वेल्डिंगच्या काचेमागून बघायची आणि ठिणग्या उडवायची.

एकदा शिवणकामाची टेप घेऊन आली आणि माझं माप घ्यायला लागली. मांडीपासून टाचेपर्यंत. उजव्या पायाचं. डाव्याचं घेतलं नाही.

ठमे, तेव्हा मला कळलं की ही गाडी कोणासाठी बांधली जातेय. आणि आता तुलाही सांगायलाच हवं, कारण याच्या पुढचं ते सांगितल्याशिवाय लिहिता येणार नाही. माझा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नवीन बुटानं टाचेला फोड आला, साखर वाढलेली होती, मी दुर्लक्ष केलं, आणि जखम वर चढत गेली. तुझे दिवस अवघड चालले होते. पडून राहायचं, मनाला काही लावून घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी तुला बजावलं होतं. म्हणून मीच आईला शपथ घातली. व्हिडिओवर मला नेहमी बसलेलाच का बघतेस, याचं कारण हे. रागाव हवं तर, पण आईवर नको. तिला हे लपवणं अजिबात पटलेलं नव्हतं.

हॉस्पिटलातून आलो तो मी घराबाहेर पडलोच नाही. नवा पाय करून मिळाला होता. तो लावून आरशासमोर एकदा उभा राहिलो, आणि काढून कपाटात ठेवून दिला. कुबड्या घेऊन शेडच्या दारापर्यंत यायचो, तेवढंच. कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचो. तुझ्या आईनं समजावलं नाही, रडली नाही. तिनं इंजिन खोललं.

आणि डोकं बघ तिचं. मोटरसायकलचा क्लच हातात असतो. डाव्या पायाला काम फक्त गिअरचं. तिनं सीटच्या डावीकडे एक दांडा बसवला आणि त्याच्या मुठीवरच क्लच लावला. मूठ आवळायची आणि दांडा ओढायचा किंवा ढकलायचा, की गिअर पडला. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर उजव्या पायाला. डाव्या पायानं नुसतं आरामात बसून राहायचं.

सगळं जोडून झालं आणि गाडी सुरूच होईना. जुन्या कार्ब्युरेटरचं इंजिन असतं तर तिनं स्क्रू पिळून वठणीवर आणलं असतं. हे फ्युएल इंजेक्शनचं. पेट्रोल किती सोडायचं ते एक डबी ठरवते, आणि डबीला बातम्या पोचवायला जागोजागी सेन्सर. स्टार्टर फिरायचा, पण पेट्रोलचा पंप गप्प. तिनं पंप बदलला, फ्यूज बदलले, वायर न् वायर तपासली. एका संध्याकाळी ती शेडमधून हात न धुताच आली आणि स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. तिला असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तुझ्या मामाकडे गेली. हो, मामाकडे. आजोबांचं दुकान बंद करायचं की चालवायचं, यावरून ही दोघं भांडली त्यानंतर तिनं त्याच्या गल्लीतही पाऊल टाकलं नव्हतं. पण गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारा इकडे कोणी नाही. मामानंच मला नंतर सांगितलं. त्याच्या गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि कसा आहेस, काय आहेस, काही न विचारता म्हणाली, "माझ्या गाडीत करंट येतो, पेट्रोल येत नाही. येतोस का?" तो हातातलं काम टाकून आला.

त्यानं फार हात लावला नाही. गाडीभोवती फिरला, सीटमागे वाकला, आणि हसायला लागला. मोटरसायकल आडवी पडली तर इंजिन आपोआप बंद व्हावं, म्हणून एक छोटा सेन्सर असतो. तुझ्या आईनं जागेच्या सोयीनं तो आडवा बसवला होता. "ताई, तुझ्या गाडीला वाटतंय ती पडलीय," तो म्हणाला. त्यानं सेन्सर उभा केला. पंप गुणगुणला, आईनं बटण दाबलं, आणि माझ्या मोटरसायकलचा ओळखीचा आवाज शेडभर झाला. बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता इंजिनाकडे बघत उभे होते. दोघांचेही डोळे भरलेले. धुरानं, असं दोघंही म्हणाले.

रस्त्यावर न्यायची परवानगी या गाडीला नाही, कदाचित कधी मिळणारही नाही. पण बंद पडलेल्या कापडगिरणीचं आवार आहे, तिथल्या रखवालदाराशी तिनं बोलणं करून ठेवलं होतं. मामानं टेम्पोतून गाडी नेली. निघताना आईनं कपाटातून पाय काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तो असला की सीटवर तोल नीट राहतो, म्हणाली. मी मुकाट्यानं लावला.

ठमे, काय सांगू. पहिला गिअर टाकला, गाडी जराशी दचकली आणि पळाली. दुसरा, तिसरा. वारा तोंडावर येत होता. आई शेजारी दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. मी वेड्यासारखा हसत होतो. ती म्हणाली, अजून सरळ घ्या. मी घेतली. अजून, म्हणाली. शेवटी आवाराच्या भिंतीपाशी, नाक भिंतीला लागायला हातभर उरलं असताना थांबलो.

"आता मागे?" मी विचारलं.

"मोटरसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स नसतो," ती म्हणाली. "उतरा आणि ढकला. मी स्टिअरिंग धरते."

मी म्हटलं, मामाला बोलाव. रखवालदार मदतीला धावत येत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं. आम्ही दोघं भिंतीकडे बघत बसलो होतो. तुझी आई एकदा बसली की बसली, हे तुला माहीत आहे.

मी उतरलो. कुबड्या टेम्पोत होत्या. गाडीला धरत धरत पुढे गेलो, भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही हातांनी रेटा दिला. गाडी हलली आणि मागे जायला लागली. हात सोडावेत तर मी पडणार, म्हणून मी तिच्या मागोमाग गेलो. एक पाऊल माझं, एक त्या नव्या पायाचं. आई माझ्या जागी सरकून, स्टिअरिंग धरून माझ्याकडे बघत होती. ती हसली नाही, शाबास म्हणाली नाही. पुरेशी जागा झाल्यावर ब्रेक दाबला आणि शेजारच्या सीटवर सरकली. "चला, बसा," एवढंच म्हणाली.

परतताना टेम्पोत मामा हळूच म्हणाला, "भाऊजी, रिव्हर्ससाठी छोटी मोटर बसवून देतो म्हणालो होतो मी. ताईनं नको म्हणून सांगितलं." घरी आल्यावर मी तिला विचारलं. जागा नव्हती, म्हणाली. मी वाकून पाहिलं. जागा भरपूर होती.

त्यानंतर मी रोज तो पाय लावतो. दुखतो, पण लावतो. काल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. इतकी वर्षं या बाईशी संसार केला आणि तिला पुरतं ओळखलं आता, याची मला लाज वाटते आणि आनंदही.

बाळाला घेऊन येशील तेव्हा दार मीच उघडणार आहे. आधी पाय बघून घे. रडायचं असेल तर तिथंच रडून घे. मग बाळ माझ्याकडे दे. मी उभ्यानं घेईन.

तुझाच,
बाबा